बदलापुरातील बेचाळीस लाखांचा फ्लॅट

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा मला असा समजला. तुम्ही दोघे भांडुपला २२,००० रुपये भाड्याने राहता. तुमची नोकरी घाटकोपरला आणि पत्नीची ठाण्याला आहे, दोघांचे मिळून हातात येणारे उत्पन्न ८५,००० आणि शिल्लक १६ लाख आहे. बदलापूर पश्चिमेला, स्टेशनपासून साडेतीन किलोमीटरवर, बांधकाम सुरू असलेल्या संकुलात टू बीएचके ४२ लाखांना मिळतो आहे आणि ताबा अडीच वर्षांनी आहे. पाच वर्षांत किंमत दुप्पट होईल असे एजंट सांगतो आणि रविवारपर्यंत ५१,००० टोकन मागतो. वडील मात्र पूर्वेला स्टेशनपासून दहा मिनिटांवरचा, बारा वर्षे जुन्या इमारतीतला वन बीएचके ३४ लाखांत घे म्हणतात. यांपैकी कोणता घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे.

मी मूल्यांकनकार आहे, म्हणजे गृहकर्ज मंजूर करण्यापूर्वी बँक ज्याला जागा पाहायला पाठवते तो माणूस. कल्याण ते कर्जत या पट्ट्यात बावीस वर्षे हेच काम करतो आहे. व्यवहार झाला काय किंवा मोडला काय, माझी फी तेवढीच असते, एवढीच माझी निःपक्षपातीपणाची हमी.

सुरुवातीला एक गोष्ट लक्षात आणून देतो. तुमच्या प्रश्नात एके ठिकाणी 'सध्या गुंतवणूक म्हणून' असे लिहिले आहे आणि शेवटी 'मुलगी शाळेत जायला लागली की तिकडे राहायला जाऊ' असे म्हटले आहे. हे दोन वेगवेगळे व्यवहार आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी येतात. राहण्यासाठी घेतलेल्या घराने तुमचे भाडे वाचते, म्हणून किंमत वाढली नाही तरी ते घर काही ना काही परतावा देतच असते. गुंतवणूक म्हणून घेतलेले घर मात्र किंमत वाढण्यावरच सर्वस्वी अवलंबून असते. म्हणून आधी गुंतवणुकीचे बोलू.

बदलापूर वाढते आहे यात वाद नाही. २००१च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती, २०११मध्ये ती पावणेदोन लाखांच्या जवळ पोचली, आणि त्यानंतर किती भर पडली हे सकाळी सातच्या सुमारास फलाटावर उभे राहिले की आकड्यांशिवाय कळते. परंतु गाव वाढणे आणि त्या गावातल्या एका विशिष्ट फ्लॅटची किंमत वाढणे यांच्या मधे मोकळी जमीन असते. दादर-माटुंग्याला मागणी वाढली की किंमत वाढते, कारण तिथे नवी जमीन नाही. बदलापूरला मागणी वाढली की आणखी एक संकुल उभे राहते. तुम्ही पाच वर्षांनी फ्लॅट विकायला काढाल तेव्हा तुमची स्पर्धा दोनशे मीटर पुढे उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीशी असेल, जिथे बिल्डर मुद्रांक शुल्क स्वतः भरण्याची योजना काढतो, मॉड्युलर किचन देतो आणि कर्जाचा माणूस सेल्स ऑफिसातच बसवतो. तुमच्या पाच वर्षे जुन्या फ्लॅटकडे गिऱ्हाईक वळावे म्हणून तुम्हाला त्या नव्या दरापेक्षा खाली यावेच लागते. अशा भागात टिकाऊ वाढ त्याच गोष्टींना मिळते ज्या बिल्डरला नव्याने निर्माण करता येत नाहीत, आणि बदलापुरात त्यांतली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे स्टेशनपर्यंतचे चालण्याचे अंतर.

आता आकडे मांडतो. हिशेब सोपा राहावा म्हणून ताबा आजच मिळाला आणि कर्जही आजच सुरू झाले असे धरू. फ्लॅट ४२ लाख. मुद्रांक शुल्क या भागात जागेच्या हद्दीप्रमाणे सहा ते सात टक्के पडते, सात धरले तर २.९४ लाख, नोंदणी फी ३०,०००, जीएसटी एक टक्का म्हणजे ४२,०००. एकूण ४५.६६ लाख. ३० लाख कर्ज घेतले तर घरातून १५.६६ लाख जातात आणि तुमच्या १६ लाखांतले चौतीस हजार उरतात. सोसायटीची आगाऊ वर्गणी, मीटर, ग्रिल, पंखे हे सगळे त्यानंतर. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता साधारण २६,०३५ येतो. पाच वर्षांत तुम्ही १५.६२ लाख भरता, त्यांतले सुमारे १२ लाख व्याजात जातात आणि मुद्दल फक्त साडेतीन लाखांनी कमी होते. भाडे १०,००० मिळाले, वर्षातला एक महिना घर रिकामे गेले, मेंटेनन्स महिन्याला २,५००, वर्षाची घरपट्टी ६,००० आणि रंगकाम व भाडेकरू बदलण्याचा खर्च १०,००० असे धरले तर वर्षाला निव्वळ ६४,००० उरतात, म्हणजे घराच्या एकूण ४५.६६ लाखांवर दीड टक्क्यापेक्षाही कमी.

हे सर्व जमेस धरले आणि विकताना एक टक्का दलाली दिली, तर पाच वर्षांनी तो फ्लॅट ५५ लाखांच्या आसपास गेला तर तुम्ही जिथे होता तिथे परत येता. दरसाल साडेपाच टक्क्यांची वाढ, आणि हाती नफा शून्य. तुमच्या स्वतःच्या साडेपंधरा लाखांवर पाच वर्षांत एक रुपयाही मिळालेला नाही. वर गंमत अशी की आयकराच्या दृष्टीने व्याज हा घराच्या किमतीचा भाग धरला नाही तर इथे सुमारे पावणेनऊ लाखांचा भांडवली नफा झालेला असतो. २३ जुलै २०२४ नंतरच्या नियमाप्रमाणे त्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न देता साडेबारा टक्के कर लागतो, म्हणजे दुसरे घर घेऊन सूट मिळवली नाही तर आणखी लाखभर रुपये. एजंट म्हणतो तशी किंमत दुप्पट व्हायची तर पाच वर्षे सलग दरसाल जवळजवळ पंधरा टक्के वाढ व्हायला हवी. असे कधीच होत नाही असे मी म्हणणार नाही, परंतु त्या आशेवर वीस वर्षांचे कर्ज उभे करू नये.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०११मध्ये मीसुद्धा वांगणीला १२ लाखांना वन बीएचके घेतला होता, आणि तोही या व्यवसायात असताना. रस्ता होणार, वसाहत येणार, असे सगळे म्हणत होते आणि मी स्वतःला त्या सगळ्यांपेक्षा जाणकार समजत होतो. ताबा दोन वर्षे उशिरा मिळाला, भाडेकरू पाण्याच्या त्रासाने टिकले नाहीत, आणि २०१९मध्ये सात महिने गिऱ्हाईक शोधून तो साडेचौदा लाखांना गेला. तेवढेच पैसे तेव्हाच्या साडेआठ टक्क्यांच्या ठेवीत टाकले असते तर करापूर्वी जवळपास २३ लाख झाले असते. गाव तर त्या आठ वर्षांत वाढलेच होते. त्याचबरोबर माझ्या इमारतीभोवती नव्या इमारतीही वाढल्या.

एजंटने तुम्हाला जे प्रकल्प मोजून दाखवले आहेत त्यांबद्दल थोडे. नवी मुंबई विमानतळाचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१८मध्ये झाले, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झाले आणि चर्चा तर त्याच्या कितीतरी आधीपासून होती. त्या चर्चेच्या जोरावर पनवेलच्या बाजूला लोक वर्षानुवर्षे जागा घेत आणि विकत होते. घोषणा झाली की तिचा दर दुसऱ्या दिवसापासून लावला जातो आणि सुविधा मात्र आपल्या गतीने येते. कांजुरमार्ग-बदलापूर मेट्रो १४ अजून नकाशावरच आहे, तेव्हा तिला आजच्या किमतीत एक रुपयाही देऊ नये. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका आणि अंबरनाथ-बदलापूर दरम्यानचे चिखलोली स्थानक यांना मी महत्त्व देतो, कारण त्यांचा संबंध रोजच्या प्रवासाशी आहे. पनवेल-कर्जत मार्गाचे मात्र बदलापूरकरांना फारसे अप्रूप वाटू नये. तो बदलापूरला स्पर्शच करत नाही. त्यासाठी आधी उलट दिशेने कर्जतला जावे लागेल. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाचा माथेरानच्या डोंगराखालून जाणारा बोगदा बदलापूरला पनवेलच्या जवळ आणेल हे खरे, परंतु त्याचा लाभ गाडीवाल्याला जास्त आणि लोकलने जाणाऱ्याला जवळजवळ नाही.

तुमच्या दोन फ्लॅटकडे वळू. नव्या संकुलाच्या जाहिरातीत ९४० चौरस फूट लिहिले आहे, आणि तुम्हीच कळवल्याप्रमाणे रेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) नोंदीत कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतले वापरायचे क्षेत्र, ६२० आहे. म्हणजे कार्पेटवर दर ६,७७४ पडतो. वडिलांनी पाहिलेला फ्लॅट ४०० कार्पेटचा आहे, त्याचा दर ८,५०० येतो. जुना असूनही फुटामागे सतराशे रुपये महाग! तुम्हाला ही चढी किंमत वाटली, मला ती स्टेशनच्या अंतराची किंमत दिसते. भाड्याच्या बाजारात ती आणखी स्पष्ट होते. माझ्या पाहण्यात साडेतीन किलोमीटर आतला टू बीएचके दहा हजारांना जातो तेव्हा स्टेशनजवळचा वन बीएचके नऊ हजारांना जातो, आणि तो रिकामा राहत नाही, कारण रात्री दहाच्या लोकलने उतरणाऱ्या माणसाला रिक्षाच्या रांगेत उभे राहायचे नसते. एका माणसाचे शेअर रिक्षाचे जाऊन-येऊन पन्नास रुपये धरले तरी दोघांचे महिन्याला अडीच हजार होतात. दूरच्या स्वस्त घराचा हा हप्ता कर्ज फिटल्यावरही चालू राहतो.

जीएसटीमधला एक सापळाही सांगून ठेवतो, कारण तुमचा व्यवहार अगदी त्याच्या काठावर आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर एक टक्का दर मिळण्यासाठी मुंबई महानगर प्रदेशात कार्पेट ६० चौरस मीटरच्या आत आणि एकूण आकारणी ४५ लाखांच्या आत असावी लागते. तुमचे ६२० फूट म्हणजे साडेसत्तावन मीटर, ते ठीक आहे. परंतु ४२ लाखांवर पार्किंग, विकास शुल्क आणि वरच्या मजल्याचे पैसे मिळून आकडा ४६ लाखांवर गेला, तर दर एकदम पाच टक्के होतो आणि ४६,००० ऐवजी २,३०,००० भरावे लागतात. म्हणून 'बाकीचे पझेशनच्या वेळी बघू' हे वाक्य ऐकून घेऊ नका, सगळी आकारणी आजच कागदावर मागा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा नगरपालिकेचा दाखला, मिळालेल्या घरावर जीएसटी नाहीच.

कागदपत्रांविषयी तुम्ही लिहिले आहे की 'रेरा नंबर आहे म्हणजे काळजी नाही'. या वाक्याने मला सर्वांत जास्त काळजी वाटली. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या विकासकांनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेरा नोंदणी मिळवली होती, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत राहणाऱ्यांकडे रेरा क्रमांकही होता आणि बऱ्याच जणांकडे बँकेचे कर्जही होते. रेरा नोंदणी आवश्यक आहे, परंतु जोडलेला कागद खरा आहे की नाही हे नगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा जावक क्रमांक ताडून पाहिल्यावरच कळते. ते प्रमाणपत्र जोत्यापर्यंतचेच आहे की तुमच्या मजल्यापर्यंतचे, हेही त्याच वेळी पाहा. सातबारा आणि फेरफार यांवर वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या. या पट्ट्यात कुळाच्या जमिनी, भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनी आणि आदिवासी खातेदारांच्या जमिनी पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या विक्रीला लागणारी परवानगी मधल्या कुठल्यातरी व्यवहारात राहून गेलेली असते. बँकेने प्रकल्प मंजूर केला आहे हे उत्तर पुरेसे समजू नका. बँकेचा पॅनेलवरचा वकील बँकेच्या रकमेसाठी पाहतो, तुमच्या रकमेसाठी तुमचा वकील हवा. दहा-पंधरा हजार जातील, जाऊ द्या.

पश्चिमेला घेणार असाल तर उल्हास नदी विसरू नका. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ते पाणी याच नदीचे होते. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली या बाजूच्या काही सखल भागांत तळमजल्यांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याची खूण मी स्वतः मोजली आहे. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. तुमचा भूखंड कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे मंजूर नकाशावर विचारा, आणि मग शेजारच्या किराणा दुकानदारालाही विचारा. दुकानदाराचे उत्तर बहुधा अधिक नेमके असते. त्यालाच पाण्याबद्दलही विचारून घ्या. अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे पाणी आहे, परंतु नव्या संकुलाला जोडणी मिळेपर्यंत टँकर आणि बोअरवेल यांवर भागवावे लागते, आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समधून जातात.

आता वडिलांच्या फ्लॅटचा हिशेब. ३४ लाखांवर मुद्रांक शुल्क व नोंदणी मिळून २.६८ लाख, जीएसटी नाही. २४ लाख कर्ज घेतले तर हप्ता २०,८२८ येतो, म्हणजे तुमच्या भांडुपच्या भाड्यापेक्षा कमी, आणि हातात सव्वातीन लाख शिल्लक राहतात. ताबा लगेच मिळतो, म्हणून राहायला गेलात तर भाडे थांबते. नव्या संकुलात मात्र अडीच वर्षे, उशीर झाला तर त्याहून जास्त, भाडे आणि वाढत जाणारे बांधकाम काळातले व्याज असे दोन्ही तुम्ही भरणार. कर्जाची पूर्ण उचल झाली की नुसते व्याजच २१,२५० होते. २२,००० भाड्याबरोबर ते ८५,००० उत्पन्नातून देता येईल, पण त्या काळात मुलीचे आजारपण किंवा एकाची नोकरी जाणे यांना जागा उरत नाही.

जुन्या फ्लॅटलाही खोड असू शकते. बारा वर्षांपूर्वीच्या अनेक इमारतींना इथे भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले नाही. लोक राहतात, घरपट्टी भरतात, सोसायटीही असते. परंतु काही बँका अशा घराला कर्ज देत नाहीत, म्हणजे तुम्ही विकायला जाल तेव्हा तुमचे अर्धे गिऱ्हाईक दारातूनच परत जाते. अशा फ्लॅटला मी माझ्या अहवालात दर कमी लावतो. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर करून देत नसेल तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज केला आहे का, हेही सचिवांना विचारा. हस्तांतर फी म्हणून सरकारने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मागता येत नाही. आणि ४०० फुटांत तिघांनी दहा वर्षे राहणे जमेल का, याचा विचार तुम्हालाच करायचा आहे; तिथे माझे शास्त्र चालत नाही.

माझे मत सांगतो, आणि ते तुमच्या आकड्यांपुरतेच आहे. राहायला जायचे नसेल तर दोन्ही घेऊ नका. राहायला जायचे असेल तर जुना वन बीएचके, किंवा थोडे थांबून स्टेशनपासून एका किलोमीटरच्या आतला भोगवटा मिळालेला लहान टू बीएचके, हे दोन्ही पर्याय मला साडेतीन किलोमीटरवरच्या नव्या फ्लॅटपेक्षा बरे वाटतात. तुमच्या दोघांच्या नोकऱ्या ऐरोली-घणसोलीला असत्या, किंवा तुमच्याकडे पंचवीस लाख शिल्लक असती, तर हे उत्तर वेगळे आले असते.

परंतु त्याच्याही आधी एक करा. घाटकोपरपर्यंत रोज सव्वा तास आणि परतीला तेवढाच, हे नकाशावर सोसते. शरीराला सोसते का ते तुम्हाला अजून माहीत नाही. पावसाळ्यापूर्वी अकरा महिन्यांच्या करारावर बदलापूरला नऊ-दहा हजारांत घर भाड्याने घ्या आणि भांडुप सोडा. महिन्याला बारा हजार वाचतील, जुलैतले पाणी आणि एप्रिलमधली पाणीटंचाई दोन्ही पाहून होतील, पत्नीला ठाण्याहून संध्याकाळची कोणती गाडी मिळते ते कळेल. तोपर्यंत दर फार तर दोन-चार टक्क्यांनी हलतील. एजंटचा रविवार जाऊ द्या. दुसरा रविवार येतो, असा माझा अनुभव आहे.

वडिलांनी पाहिलेल्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही, एवढे कळवा. नसेल तर त्या फ्लॅटबद्दल मी वर जे चांगले लिहिले आहे, त्यातले बरेच मागे घ्यावे लागेल.